दोन काळ्या कुंच्या

संक्रांतीचा दिवस होता. ठाण्याला स्टेशनजवळच्या थिएटरात दुपारी तीनच्या खेळाला आई मला आणि मुकुंदाला घेऊन गेलेली. मी दहा वर्षांची, मुकुंद सात महिन्यांचा... स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील.

सिनेमा हिंदी, विनोदी. एकाच चेहऱ्याचे दोघे भाऊ, एक श्रीमंताघरी वाढलेला, दुसरा टांगेवाला, आणि सगळ्यांची नुसती फसगत. आई भलत्याच पोराचा कान धरून त्याला घरी ओढत नेते, तेव्हा अख्खं थिएटर हसून लोळत होतं. सगळ्यात मोठ्याने मी हसत होते.

तेव्हा बायकांना बसायला वेगळा भाग असे. मागच्या भिंतीशी एक सतरंजी अंथरलेली, झोपलेली तान्ही मुलं तिथे ठेवायची. ‘याच्याजवळून हलायचं नाही हं,’ आईने बजावलेलं. पण मध्यंतरानंतर नीट दिसावं म्हणून मी सरकत सरकत दोन बाकं पुढे गेले... आणि मुकुंदाला विसरूनच गेले.

दिवे लागले तशी बायकांची झुंबड उडाली. मी धावत मागे आले. काळं झबलं, काळी कुंची दिसली, बाळ उचललं आणि खांद्यावर घेतलं. पहिल्या संक्रांतीला घरोघरच्या तान्ह्यांना काळंच घालतात, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

तलावाच्या काठाने, तलावपाळीवरून, आम्ही चरईतल्या आमच्या घरी निघालो. आई पुढे, सिनेमातलं काहीतरी आठवून हसत. झबल्यातून बाळाचा पाय बाहेर आला म्हणून मी खाली बघितलं... पायात चांदीचा वाळा होता.

मुकुंदाच्या पायात वाळे नव्हते.

मी काय केलं सांगू? मी तो पाय झबल्यात लपवला. त्या वर्षी मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा ठाण्यात जोरात होत्या, ते सगळं एकदम आठवलं. आई मला काय करेल याची भीती होतीच, पण तिला सांगितलं की हे खरं होईल, ही भीती त्याहून मोठी होती.

‘दे त्याला इकडे, दमली असशील,’ आई म्हणाली.

‘नको, झोपलाय,’ मी म्हणाले. आणि तशीच चालत राहिले... तलावाची एक अख्खी बाजू संपेपर्यंत.

मग ते बाळ रडलं. आईची पाठ होती माझ्याकडे. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही, जागच्या जागी थांबली. ‘हा कोण रडतोय?’ एवढंच म्हणाली. तो आवाज मी अजून विसरलेले नाही.

तिने वळून कुंची मागे सारली. मला मारलं नाही. बाळाला छातीशी धरलं आणि आली त्या वाटेने पळत सुटली. नऊवारीतल्या आईला रस्त्यातून पळताना मी पहिल्यांदाच बघत होते. मी मागे रडत, धापा टाकत...

थिएटरपाशी सहाच्या खेळाची गर्दी झालेली. दारावरचा माणूस म्हणाला, ‘तीनच्या खेळाच्या बायका केव्हाच गेल्या, बाई. बाळ घेऊन आलेली कोलशेत गावची माणसं होती, तीही बैलगाडी जोडून निघालीसुद्धा.’ आईने भिंतीला हात टेकला. मला वाटलं, संपलं. मुकुंद गेला.

तेवढ्यात आईच्या खांद्यावरच्या बाळाने पुन्हा भोकाड पसरलं, आणि गर्दीपलीकडून एक बाई ओरडली, ‘अगो बाय, यो माझा हाय!’

थिएटरच्या कडेच्या पायरीवर ती बसली होती. गुडघ्यापर्यंत कासोटा, कपाळावर मोठं कुंकू, आणि पदराखाली... मुकुंद. दूध पीत होता.

‘भायेर येऊन कुंची सारली, तं तोंड दुसऱ्याचा,’ ती म्हणाली. ‘आमची मानसा म्हनली, चल, गाडी जोडून वाटंला हुडकू. मी म्हनलं, मी नाय हलनार. ती बाय हितंच येल. मी हुडकत गेली न ती हितं आली, तं काय करायचा? गाडी गेली तं जाऊ दे.’

मग जरा ओशाळून म्हणाली, ‘तुमचा पोऱ्या भुकेला व्हता. मंग घेतला अंगावर. चालंल ना?’

आई तिथेच, त्या गर्दीत, तिच्या पायाशी वाकली. ‘अवो बाय, ह्या काय!’ म्हणत ती मागे सरली. दोघींनी आपापलं बाळ घेतलं आणि मग दोघी एकदमच रडायला लागल्या. तिला कोलशेतला आता चालतच जायचं होतं. आईने टांगा करून देते म्हटलं, तर ऐकेना. बाळाला पोटाशी बांधून झपाझप निघाली.

रात्री आईने मला विचारलं, ‘तुला कधी कळलं गं?’ मी म्हणाले, ‘तो रडला तेव्हा.’ तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. पुन्हा कधीच विचारलं नाही. आई गेली, तरी ते खोटं माझ्याजवळच राहिलं.

आता वाटतं, भीती त्या बाईलाही आमच्याइतकीच वाटली असणार. तिचंही बाळ कुणीतरी नेलं होतं, घरची माणसं निघून गेली होती, आणि तरी तिने परक्या पोराला उपाशी ठेवलं नाही. मी भीतीपोटी काय केलं आणि तिने काय केलं...

मुकुंदाने सत्तरी गाठलीय, तो ही पोस्ट वाचेलच. रागावलास तर रागाव रे. पण आधी त्या माउलीला मनातल्या मनात नमस्कार कर, आणि मग मला फोन कर.