मावशी बोलल्या, पण बटन उठेना

मागच्या मंगळवारी सिरसाळ्याला गेले होते. माझे भाऊजी तिथे जनावरांचे डॉक्टर आहेत. मेंढ्यांच्या लसीकरणासाठी त्यांना एक ऑनलाइन फॉर्म मीच करून दिला होता... एका मेंढीचं वर्णन भरायचं, बटन दाबायचं, मग पुढची मेंढी. जेवढ्या नोंदी तेवढ्याच लसी मागवणार होते, आणि मुदत त्याच संध्याकाळपर्यंत होती.

दवाखान्यात कोंडामावशी बसल्या होत्या. साठीच्या, जन्मभर मेंढरं राखलेल्या. लिहिता-वाचता येत नाही म्हणून भाऊजींनी त्यांना फोनच्या माइकवर बोलून नोंद करायला शिकवलं होतं. दोन दिवस खटपट करून शेवटी त्या पाच किलोमीटर चालत आल्या होत्या.

"मी बोलले की अक्षरं उमटतेत पोरी, पर बटन काय उठंना."

खरं सांगते, मला वाटलं त्यांचंच काहीतरी चुकतंय. माझ्या लॅपटॉपवर तर सगळं नीट चालत होतं. बोलून दाखवा म्हटलं... त्या बोलल्या, शब्द चौकटीत आले आणि बटन फिकटच राहिलं, दाबलं जाईना.

मग माझी ट्यूब पेटली. कीबोर्डवरची की दाबून सोडली की बटन चालू कर, असं मी स्क्रिप्टमध्ये लिहिलं होतं. त्याला कीअप इव्हेंट म्हणतात. मावशींनी तर एकही की दाबली नव्हती!

मी कीअप काढून तिथे इनपुट लिहिलं. म्हणजे टाइप करा, बोला, पेस्ट करा... चौकटीतला मजकूर बदलला की पुरे. एका शब्दाचा बदल. पान पुन्हा उघडलं, मावशी बोलल्या आणि बटन निळं झालं.

मी निघायला बॅग उचलली, पण पाय निघेना. कळप तिकडे रानात, मावशींचे यजमान राखत होते. आणि मावशी इथे बाकावर बसून एकेक मेंढी सांगत होत्या... काळ्या तोंडाची, डाव्या कानाला खाच. भुरकी, मागच्या पायाला जुनी जखम. एकही दोनदा आली नाही. बत्तिसावीला म्हणाल्या, "ही गाभण हाय, सुई द्यायच्या आधी बघा." अशा सत्तेचाळीस!

शनिवारी लसीकरणाला मी मुद्दाम गेले. भाऊजी यादी वाचायचे आणि मावशी नेमकी ती मेंढी धरून आणायच्या. बत्तिसावीचं पोट भाऊजींनी चाचपलं, त्यांना काही कळेना. मग सोनोग्राफीचं छोटं मशीन लावलं. स्क्रीन माझ्याकडे वळवली. इवलंसं काहीतरी लुकलुकत होतं.

तुम्हाला कसं कळलं, मी मावशींना विचारलं.

"आठ-दहा दिसांपासून कळपात मागं ऱ्हायला लागली ती," एवढं बोलून त्या पुढची मेंढी आणायला गेल्या.

मी तिथेच उभी राहिले. एवढं सगळं या बाईंच्या डोक्यात होतं, आणि माझ्या एका शब्दापायी ते फोनमध्येच अडकून पडलं असतं.

घरी आल्यावर माझे जुने सगळे फॉर्म उघडले. आणखी तीन ठिकाणी तीच चूक निघाली. तिथे बोलून भरणारे कितीजण कंटाळून परत गेले असतील, कुणास ठाऊक. त्यांनी मला कधी कळवलं नाही... मावशी, तुम्ही चालत आलात, म्हणून मला कळलं.