बिनपासाचं मेज

ऐंशीच्या दशकात मी आलापल्लीला वनखात्याच्या लाकूड डेपोत कारकून होतो. तिथल्या चर्चचे पाद्री रोज आमच्या फाटकावरून सायकलने जायचे, पायजम्याला सुतळी बांधून. एके दिवशी ते बैलगाडीसोबत पायी आले. गाडीत नवंकोरं सागवानी मेज होतं. प्रवचनाच्या वेळी पुढ्यात असावं म्हणून चर्चच्या लोकांनी हौसेने करून दिलेलं. लाकूड वनखात्याच्या पासाशिवाय जंगलातून आणलंय, हे पाद्रींना सुताराकडून मागाहून कळलं होतं.

"जमा करून घ्या. गुन्हा माझ्या नावावर लिवा," ते म्हणाले आणि बाहीने मेजावरची धूळ पुसू लागले. चर्चची दोघं-तिघं माणसं गाडीमागे तोंड पाडून उभी होती.

मी समजावलं, "पाद्रीबाबा, काऊन डोक्याले ताप करून घेऊन राह्यले? इथी कोनाच्या घरी बिनपासाचं सागवान नाई? माझा पलंगबी तसलाच हाय."

त्यांनी उपदेश केला नाही. "तुमी पलंगावर उभं राहून लोकाईले 'चोरी करू नका' म्हनून सांगत नाई ना, भाऊ. मले दर रविवारी सांगा लागते."

मी हसलो आणि कागद केले. पुढे रविवारी चर्चच्या दारातून ते दिसायचे, तळहातावर बायबल धरून बोलत उभे.

काही दिवसांनी घरी मुलीला खोटं बोलल्याबद्दल दटावत होतो. बोलता बोलता लक्षात आलं, आपण त्याच बिनपासाच्या पलंगावर बसलोय. मी उठून उभा राहिलो.