नायकाच्या मित्राची माणसं

सिनेमात नायक नावाचा एक माणूस असतो, हे ठाऊक नसलेली व्यक्ती अख्ख्या महाराष्ट्रात एकच असावी आणि ती माझ्या बायकोची आत्या आहे. तीन तासांच्या चित्रपटातला नायक तिला दिसतच नाही. दिसलाच तर एसटीत पुढच्या बाकाजवळ उभा राहिलेला उंच प्रवासी दिसावा तसा दिसतो. टॉकीजमध्ये तिच्या शेजारी बसून मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, नायक नायिकेला मिठीत घेऊन रडत होता आणि आत्या पडद्याकडे बघून दबक्या आवाजात म्हणाली, "सरका की जरा बाजूला!" कारण त्या नायकाच्या डाव्या खांद्यामागे, एक पाऊल मागे, त्याचा मित्र उभा होता.

एके काळी मराठी चित्रपटांत नायकाच्या मित्राची कामं करणारा एक नट होता. नाव सांगत नाही. सांगूनही आठवणार नाही. चेहरा दाखवला तर मात्र "अरे, हा होय!" असं तुम्ही नक्की म्हणाल. याने नायकाच्या लग्नात अक्षता टाकल्या, नायकाच्या वाट्याचा मार खाल्ला, नायकाची चिठ्ठी नायिकेच्या बापाच्या हातात चुकून दिली आणि शेवटच्या दृश्यात सगळ्यांबरोबर हसत हात हलवला. त्याचं स्वतःचं लग्न झालं का, तो पोटापाण्यासाठी काय करायचा, हे कुठल्याही पटकथेत कुणी लिहिलं नाही. आत्याने याच माणसाच्या चाहत्यांसाठी इंटरनेटवर एक मंच काढला आणि पिंपरीतल्या संत तुकाराम नगरच्या दोन खोल्यांतून तो इतकी वर्षं चालवला की आमच्या लग्नात तिची ओळख करून देताना सासरे म्हणाले, "ही माझी धाकटी बहीण. नोकरी कंपनीत करते, पण कामाला तिकडे असते."

सासरे लातूरकडून नोकरीसाठी इकडे आले. सासूबाई लवकर गेल्या. त्यांच्या आजारपणात मदतीला म्हणून आलेली आत्या "पोरी जरा मोठ्या होईपर्यंत" राहिली, ती राहिलीच. स्वतःचं लग्न केलं नाही. भोसरीला गिअर बनवणाऱ्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला, म्हणजे तयार माल तपासायला, चिकटली आणि तिथूनच निवृत्त झाली. मंच सुरू केला तेव्हा घरात कॉम्प्युटर नव्हता. पहिली शिफ्ट सुटली की ती पिंपरीतल्या एका सायबर कॅफेत जायची आणि खुर्चीवर बसण्याआधी चपला दाराबाहेर काढायची. कॅफेच्या मालकाने आधी समजावून पाहिलं, मग तिच्या चपलांसाठी दाराशी एक पाट ठेवला.

मंचाचे नियम कडक होते. पहिला नियम, नायकाचं नाव घ्यायचं नाही. घ्यायची वेळच आली तर "पुढे उभे असलेले गृहस्थ" असं लिहायचं. दुसरा नियम, प्रत्येक मजकूर आत्याच्या नजरेखालून जाणार. तिथे तिची कंपनी जागी व्हायची. मजकुराखाली ती शेरा मारायची: पास, रिवर्क किंवा रिजेक्ट. एका सभासदाने आपल्या लाडक्या नटाच्या अभिनयावर पानंच्या पानं लिहून पाठवली, त्यावर आत्याचा शेरा होता, "रिवर्क. दुसऱ्या पानावर ते पहिल्यांदा दिसतात, तिथून सुरू करा." लोक रागवायचे आणि पुन्हा लिहायचे. 'पास' मिळालेला मजकूर एकाने फ्रेम करून दिवाणखान्यात लावला होता, असं म्हणतात. एकदा एका जुन्या गाण्यातल्या गर्दीत कुणाचं तरी कोपर दिसलं. ते कोपर आपल्या नटाचं की दुसऱ्याचं यावर मंचावर अख्खा पावसाळा वाद चालला. शेवटी आत्याने निकाल दिला, "कोपर त्यांचंच. एवढं अंग चोरून उभं राहणं दुसऱ्या कुणाला जमणार नाही." वाद मिटला.

आमच्या बघण्याच्या कार्यक्रमातही मला पगार, पत्रिका, घर यांपैकी काहीच तिने विचारलं नाही. कांदेपोह्यांची बशी माझ्या हातात देऊन तिने विचारलं, "शेवटचा मराठी सिनेमा कोणता बघितलात?" मी नाव सांगितलं. "त्यात मित्र कोण होता?" मी गडबडलो आणि खरं तेच बोललो, की नाव माहीत नाही, पण त्याचा शर्ट नायकापेक्षा चांगला होता. आत्या उठून आत गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पास!"

या सगळ्याला मी हसायचो, अजूनही हसतो. पण देहूरोडचे एक काका आहेत, त्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय आत्या पुरी होत नाही. लष्कराच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, एकटे राहणारे हे काका मंचावर रोज सकाळी "सुप्रभात" एवढंच लिहायचे. नटाबद्दल त्यांनी कधी एक ओळ लिहिली नाही. बाकी सभासद वैतागायचे, पण आत्या दर सुप्रभातला इमानेइतबारे 'पास' द्यायची. एका रविवारी ते सुप्रभात आलं नाही. दुपारपर्यंत आत्याने तीनदा मंच उघडला आणि मग आमच्या दारात येऊन उभी राहिली. "जावईबापू, गाडी काढा. देहूरोडला जायचंय."

"आत्या, झोपले असतील हो."

"हा माणूस झोपणाऱ्यातला न्हाई. चला."

आम्ही विचारत विचारत घर शोधलं. काका धडधाकट होते. आपल्याच चष्म्यावर बसले होते आणि चष्म्यावाचून त्यांना मोबाइलची अक्षरं दिसत नव्हती. आत्याने त्यांना असं झापलं की शेजारचे बाहेर आले. "एवढं वय झालं, जोडीला दुसरा चष्मा ठेवता येत न्हाई? आम्ही तिकडं काय काय समजायलोत!" काका मान खाली घालून उभे होते, आणि त्यांचा चेहरा उजळला होता. आपल्याला शोधत कुणी आलं, यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. आम्ही त्यांना गाडीत घालून निगडीला चष्म्याच्या दुकानात नेलं. आत्याने फ्रेमसुद्धा स्वतः पसंत केली. दोन रिजेक्ट केल्या.

हा मंच आत्या बंद करणार, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी वेड्यात काढलं असतं. पण तिनेच एके सकाळी चहा पिताना सांगितलं, पेपरवाला बदलायचाय असं सांगावं तसं. म्हणाली, "महिनाभर बघायलेय. गुडघ्याचं तेल, गॅसचं बुकिंग, भाचीला स्थळ, राजकारणावरून भांडणं. सगळं चाललंय. त्यांचं नाव एकानेही काढलं न्हाई."

"मग तुम्ही काढा की."

"काय काढू? सगळे सिनेमे बघून झाले. सगळं लिहून झालं. कोपरसुद्धा झालं." तिने बशीत चहा ओतला. "कंपनीत हातातला जॉब संपला की मशीन बंद करतात, जावईबापू. नुसतं फिरत ठेवलं की आवाज यायला लागतो."

तिने मंचावर घोषणा केली आणि गहजब झाला. विनवण्या आल्या, रुसवे आले, एकाने कोर्टात जायची भाषा केली. चाकणचे एक शेठ, ज्यांच्या शेतात आज कंपन्यांची गोदामं उभी आहेत आणि उरलेल्या जागेत ज्यांनी मंगल कार्यालय बांधलंय, ते थेट घरीच आले. मंचाचे अगदी जुने सभासद. पांढरे कपडे, हातात पेढ्यांचा पुडा.

"आत्या, बंद कशापायी करता? थकला असाल तर मला द्या. आमी चालवू. एवढी पब्लिक जमल्याली हाय, वाया न्हाई घालवायची."

"तुम्ही तिथं प्लॉट विकाल."

शेठ दिलखुलास हसले. "व्हय, एखादा इकंन की. खोटं कशाला बोलू?"

"मग न्हाई देणार," आत्या म्हणाली. "माणसं तुमच्याकडं येतील हो. पण ती ज्यांच्यासाठी आली, ते राहणार न्हाईत तिथं."

शेठ पेढ्यांचा पुडा घेऊन उठले. मला वाटलं आता बिनसणार. मग ते म्हणाले, "बरं. पण मग असं गुपचूप न्हाई बंद करायचं. माझं कार्यालय घ्या. जेवन माझ्याकडनं. समद्यांना बोलवा." कुणीतरी सुचवलं की खुद्द त्या नटालाच बोलवू. ते हयात आहेत, केव्हाच काम सोडून गावी जाऊन राहिलेत. आत्याने ते साफ मोडून काढलं. "ते शांतपणे निघून गेले. त्यांना आता ओढून आणून फेटा बांधायचा? शहाणे असाल तर गप बसा."

त्यानंतरचे काही आठवडे आत्या कुणाच्या वाऱ्याला उभी राहिली नाही. मंच बंद झाला की त्यावरचं सगळं लिखाण पुसलं जाणार होतं, आणि ते तिला पटत नव्हतं. "शेजारणीचा डबा आपल्याकडं राहिला तर परत देतो का न्हाई?" असं म्हणून तिने प्रत्येक सभासदाचं सगळं लिखाण वेगळं काढलं आणि ज्याचं त्याला ईमेलने परत पाठवायला घेतलं. आता डबा काही रिकामा परत करत नाहीत. म्हणून प्रत्येकाच्या लिखाणाखाली ती स्वतःची एक ओळ लिहायची. ज्याला आयुष्यभर रिवर्क दिलं त्याला लिहिलं, "तुमच्याइतकं कुणी परत परत लिहिलं नाही." चाकणच्या शेठना लिहिलं, "प्लॉट सोडून बाकी सगळं पास." देहूरोडच्या काकांना परत पाठवायला त्या सुप्रभातांखेरीज काही नव्हतं. तिने तीसुद्धा सगळी, एकाखाली एक, पाठवली. खाली लिहिलं, "काका, सगळी पोचली."

कार्यालयात माणसं आली, ती पाहून मी थक्क झालो. नाशिक, सोलापूर, कुठून कुठून. एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखणारी आणि एकमेकांचे चेहरे प्रथमच बघणारी. आधी जेवणं झाली, कारण उपाशी पोटी कुणाला निरोप द्यायचा नाही, असा आत्याचा हुकूम होता. मग ती माइकसमोर उभी राहिली आणि आभार मानून बसणार, तेवढ्यात काका उठले. नवा चष्मा सारखा करत त्यांनी विचारलं, "ताई, एक राहिलं. तुम्ही आम्हा सगळ्यांना विचारलंत, ते का आवडतात. तुम्हाला का आवडतात, ते कधी लिहिलं नाहीत."

आत्या पुन्हा माइककडे वळली. मग म्हणाली, "एका सिनेमात ते दवाखान्याच्या बाहेर डबा घेऊन उभे आहेत. आत ते पुढचे गृहस्थ नायिकेचा हात धरून बोलायलेत. यांना कुणी आत ये म्हणत न्हाई. डबा गार होईल म्हणून हे अंगातलं जॅकेट काढतात आणि त्याला गुंडाळतात. तेवढंच काम. तो सिनेमा बघितला तेव्हा आमची वहिनी दवाखान्यात होती. मी रोज डबा घेऊन जायचे. मला वाटलं, अगं माय, हे मला बघून गेले की काय!" लोक हसले. तीही हसली. "पुढं वहिनी गेली. मग पोरींचे डबे सुरू झाले. पण मला कधी एकटं वाटलं न्हाई. सिनेमात माझ्यासारखं काम करणारं एक माणूस होतं ना."

माझी बायको, जी आत्याच्या या नादावर लहानपणापासून कुरकुर करत आली, ती पहिल्या रांगेतून उठली, व्यासपीठावर गेली आणि आत्याच्या डाव्या खांद्यामागे, एक पाऊल मागे जाऊन उभी राहिली. सगळे उभे राहिले. टाळ्या थांबेनात. शेठ तर उपरण्याने डोळे पुसत आचाऱ्यांनाही बाहेर बोलावत होते, "या रं, बघा, ह्या आमच्या आत्या!" टाळ्या चालू असतानाच आत्याने लॅपटॉपवर एक बटण दाबलं. मंच बंद झाला.

आता आत्या गाडी चालवायला शिकते. निगडी प्राधिकरणातल्या मोकळ्या रस्त्यांवर ती अशा वेगाने जाते की सायकलवाले मागून घंटी वाजवतात. काका रोज सकाळी तिला फोन करतात आणि लिहिताना कधी सुचलं नव्हतं इतकं बोलतात. मंचाची आठवण येते का, असं मी एकदा विचारलं. "येते की," ती म्हणाली आणि दुसरा गिअर टाकला.

मध्यंतरी चाकणला आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये जेवत होतो. आत्या शिकवणाऱ्यालाच कसा 'रिवर्क' देते, असले तिच्या ड्रायव्हिंगचे किस्से मित्राला सांगत होतो, तर समोरच्या टेबलावरचा एक अनोळखी माणूस उठून आला. नवीनच लागलेला, असेंब्ली लाइनचा, बोलण्यावरून कोकणातला. "माफ करा हां साहेब. ह्या आत्या म्हणजे... त्या आत्या? मंचवाल्या?" मी हो म्हटलं. त्याने वळून आपल्या अख्ख्या टेबलाला हाक मारली, "अरे, हे आत्यांचे जावई!" त्या कंपनीत मी इतकी वर्षं काढली, बढत्या घेतल्या, पण इतक्या अभिमानाने माझी ओळख कुणी करून दिली नव्हती, आणि मीही खुर्चीत ताठ बसलो.

"कशा आहेत हो?" त्याने विचारलं.

"मजेत. गाडी शिकतायत."

तो मनापासून हसला. "त्यांना सांगा..." असं म्हणाला आणि थांबला. काय सांगायचं ते त्याला आठवत असावं, पण ते असं उभ्याउभ्या, परक्या माणसाजवळ सांगण्यासारखं नसावं. ते लिहायची जागा आता नव्हती. त्याने आपल्या ताटातला गुलाबजाम उचलला, माझ्या ताटात ठेवला आणि पुन्हा आपल्या टेबलाकडे गेला.