लाडकीने बाजूला ठेवलेली भाजी

मंडळी, सकाळी मी इथे परदेशातल्या टोमॅटो फेकायच्या सणाचा व्हिडिओ टाकला. तुम्हीही पोटभर हसलात.

दुपारी आमच्या नरपडच्या वाडीत काम करणाऱ्या लाडकीला जेवायला यंदाच्या पावसातली पहिली रानभाजी वाढली. तिने भात घेतला, भाजी बाजूला ठेवली. मी फटकन बोलून गेलो, "आमच्या हातचं चालत नाही वाटतं?"

"तसं नाय दादा. पाड्यावर कोवळ्या भाजीचा सण व्हायचाय. देवाला दिल्याबिगर आम्ही नवी भाजी खात नाय."

वीस वर्षं ती आमच्याकडे येतेय आणि तिचे सण कोणते, हे मी कधी विचारलंसुद्धा नाही!

निघताना म्हणाली, "सण झाला का तुमच्यासाठी भाजी आणते हां."

त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. आता ती भाजी कोणत्या तोंडाने घेऊ, तुम्हीच सांगा.