मारोतीमामांच्या मिशीचे अकरा महिने

मारोतीमामा काल सकाळी गेले. त्यांना त्यांच्याच मिशीत मी अकरा महिने अडकवून ठेवलं होतं.

हसू नका. वाचा.

मामा सख्खे नाहीत. आईच्या माहेरचे, सिद्धेश्वर धरणाकडचे. मेंढरं राखायचे. मी कुरुंद्याचा, लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगा करतो. माझ्या पहिल्या शॉर्ट फिल्मचे हिरो मामा.

चौदा मिनिटांची फिल्म. धरणाचं पाणी आटलंय, अन् एक म्हातारा चुकलेलं मेंढरू शोधत उघड्या तळातून चालतोय. बस, एवढीच स्टोरी.

मी 'अॅक्शन' म्हणलं की मामा जागेवर थांबायचे.

"मामा, काहून थांबलात?"

"तू वरडलास म्हणून."

पुण्यात एका फेस्टिव्हलला ती लागली. लोक मामांच्या मिशीवर फिदा. पांढरीशुभ्र, भरघोस, दोन्ही टोकं कल्ल्यांना भिडलेली.

एक प्रोड्युसर भेटला. वारंगा फाट्यावर चहा पाजत म्हणाला, "ह्याची दोन तासांची फिल्म करू."

मी तिथंच सही ठोकली. धड वाचलं पण नाही. असा शहाणा मी.

ठरलं असं, की ही चौदा मिनिटं मोठ्या फिल्ममधे जशीच्या तशी घ्यायची, कारण धरण परत तसं कधी आटेल कुणाला माहीत. म्हणून मामांचा लुक बदलायचा नाही. कंटिन्युटी!

"मामा, मिशीला हात लावायचा नाही."

"मी कवा लावलाय? माझ्या लग्नात बी न्हाई लावला."

पहिली तारीख हुकली. दुसरी हुकली. स्क्रिप्ट किती वेळा बदलली ते मोजायचं सोडून दिलं. प्रोड्युसर दर फोनला एखाद्या नावाजलेल्या नटाचा विषय काढायचा. मी म्हणायचो, मामाच पाहिजेत. तो म्हणायचा, "बघू. तोवर त्यांचा लुक सांभाळ."

मग मामांचा थोरला भाऊ वारला.

आमच्याकडं दहाव्याला भावकीतले धाकटे सगळे केस देतात. डोकं, दाढी, मिशी, सगळं. सख्ख्या भावाला तर विचारायचं कामच नाही.

नदीवरून मामांचा फोन आला.

"संतोषा, लाईनीत बसलोय. न्हावी आलाय. माझ्याफुडं दोघंच हायेत. काय करू, बोल."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आता एकच राहिला बघ."

"मामा, पंधरा दिवसांत शूटिंग आहे. नका काढू."

"पक्कं?"

"पक्कं."

तारीख नव्हती. पंधरा दिवसांची नाही, पंधरा महिन्यांची पण नाही. मी सरळ खोटं बोललो.

तुम्ही म्हणाल, खोटी मिशी लावायची की. मला काय सुचलं नव्हतं? पण मिशी गेली की प्रोड्युसरला निमित्तच मिळालं असतं. त्यानं मामांना काढून दुसरा आणला असता. मी मामांची जागा वाचवतोय, असं स्वतःला सांगत होतो. कशाचं मामांचं! माझी फिल्म हातची जाईल, ह्या भीतीनं माझी तंतरली होती.

मामा लाईनीतून उठले. पुतण्या बालाजी मुंडलेल्या डोक्यानं समोरच उभा होता.

"काका, माझा बाप मेला. अन् तुमाला पिच्चर पडलाय?"

त्यानंतर तो मामांशी बोलला नाही. भावाच्या तेराव्याला मामांना पंगतीत कुणी बसा म्हणलं नाही. मग त्यांनी लग्नकार्याला जाणंच सोडलं. गावातली पोरं मागून 'हिरो, हिरो' ओरडायची.

मी दर महिन्याला फोन करून पुढचा महिना सांगायचो. मामा म्हणायचे, "बराबर हाय. मिशी हाय जाग्यावर."

एकदा मात्र म्हणाले, "मेंढरं सकाळी वाड्यातून सुटतेत रे. तू मला कवा सोडतूस?"

काढून टाका मामा, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "थोडं थांबा."

काल त्यांच्या छातीत दुखलं. औंढ्याच्या दवाखान्यात नेईस्तोवर सगळं संपलं.

मामांना मूलबाळ नाही. अग्नी बालाजीनंच द्यायचा. तो आला, पण अंगणाच्या बाहेरच उभा.

आंघोळ घालायच्या वेळी गयामामी उठली. म्हणाली, "न्हाव्याला बलवा. ह्यांचं भावाचं राहिलंय. तेवढं करा, मग न्या."

कुणी हललं नाही. मग बालाजी आत आला, खाली बसला अन् चुलत्याचं डोकं मांडीवर घेतलं. पाण्याची वाटी मी धरली.

न्हावी आला, मिशी निघाली. खाली वरच्या ओठावर एक जुनी खूण होती, आडवी. इतक्या वर्षांत मी ती पाहिलीच नव्हती. कॅमेरा एवढा जवळ नेला, तरी नाही.

मामी म्हणाली, "लहानपणी मेंढ्यानं धडक दिली व्हती. थोरल्यानं पाठीवर घालून घरी आणलं व्हतं. ते कायम सांगायचे."

बालाजी रडायला लागला तो थांबेचना. मी वाटी धरून तसाच.

संध्याकाळी प्रोड्युसरचा मेसेज आला. 'वाईट झालं. आता कास्टिंग मोकळं.'

तुम्ही कमेंटमधे शॉर्ट फिल्मची लिंक मागाल. मागू नका. सही केली तेव्हाच ती प्रोड्युसरची झाली. मोठी फिल्म पण होईल. मामांच्या जागी दुसरा कुणी चालेल, खाली माझं नाव येईल, अन् मला ते थांबवता यायचं नाही.

मामा, त्या दिवशी तारीख नव्हती. तुम्ही लाईनीत बसला होता, तेव्हाच हे सांगायला पाहिजे होतं.

तुम्ही सुटलात. जावा आता, थोरला भाऊ वाट बघत असेल.