सुमनमावशींच्या नावावर

हे मी कुणापाशीच बोललेले नाही. आईपाशी नाही, नवऱ्यापाशी तर नाहीच — त्याला वाटतं, आपली बायको फटकळ, हिच्या पोटात काही राहत नाही. राहतं. इतकी वर्षं राहिलंय. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. तुम्ही समोर बसलेले नाही, मध्येच तोंड वाकडं करणार नाही, एवढं एक बरं आहे.

कुठून सुरू करू? विमानापासून करते. तो भाग सोपा आहे.

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा मोबाईलवर एका विमान कंपनीची जाहिरात दिसली. फिजिक्स-मॅथ्स झालेली तरुण मुलं-मुली निवडायची, कंपनीने आपल्या खर्चाने त्यांना पायलट करायचं, आणि त्यांनी पुढे काही वर्षं त्याच कंपनीत विमान चालवायचं. मी ती जाहिरात पुन्हा पुन्हा वाचली. नगरच्या पोरीने पायलट व्हायचं! सावेडीतल्या आमच्या गल्लीतून तोवर सगळ्यात उंच गेलेला माणूस म्हणजे मोबाईलच्या टॉवरवर चढणारा बाबूदादा.

खरं सांगू? मला आकाशाबिकाशाचं काही पडलेलं नव्हतं. मला तो पांढरा शर्ट हवा होता. खांद्यावरच्या पट्ट्या हव्या होत्या. चाकांची बॅग ओढत चालताना लोकांनी वळून बघायला हवं होतं. एकटीने अर्ज करायची मात्र हिंमत नव्हती, म्हणून कोमलला ओढलं.

कोमल माझी बालवाडीपासूनची मैत्रीण. तिची आई ती लहान असतानाच गेली, वडिलांनी पारनेरकडे गावी दुसरा संसार मांडला, आणि तिला सुमनमावशींनी वाढवलं — तिच्या सख्ख्या मावशीने. मावशी विधवा, मूलबाळ नाही, आमच्याच गल्लीत खानावळ चालवायच्या. एमआयडीसीतल्या कामगारांचे डबे, कॉलेजच्या पोरांची जेवणं. कोमल त्यांना पोळ्या लाटू लागायची, पोळपाटाशेजारी पुस्तक उघडं ठेवून. मी रात्रंदिवस घोकायचे आणि ही पोळ्या लाटता लाटता वाचून माझ्या पुढे जायची. राग यायचा का? यायचा. जिवलग मैत्रिणीचा राग येतो हे कुणी बोलत नाही, म्हणून मीही कधी बोलले नाही.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. नववीत असताना आम्ही दोघी मावशींच्या स्वयंपाकघरात अभ्यास करत होतो. कोमल बोलता बोलता थांबली, तिचे डोळे फिरले आणि ती धाडकन आडवी झाली. हातपाय झाडत होती, तोंडाला फेस. मावशींनी कांदा फोडून तिच्या नाकाशी धरला, मी भिंतीला चिकटून उभी. थोड्या वेळाने ती उठून बसली, तिला काही आठवेना. डॉक्टर म्हणाले, असं एखाद्या वेळी होतं, पुन्हा होईलच असं नाही. काही दिवस गोळ्या झाल्या, मग त्यांनीच बंद केल्या. पुन्हा कधीच काही झालं नाही. पण त्या दिवशी मावशींनी माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "कुनाला बोलायचं न्हाई, प्रतीक्षा. पोरीच्या जल्माचं हाय." मी शपथ घेतली. म्हणजे हे माहीत असलेली माणसं डॉक्टर सोडले तर तीन. कोमल, मावशी आणि मी.

अर्जात तो प्रश्न होताच — कधी फिट आली होती का? कोमलचा हात तिथे थांबला. ती म्हणाली, खरं लिहू का? मी म्हणाले, वेडी आहेस का, एकदाच तर झालं, 'नाही' कर आणि पुढे चल. हे लक्षात ठेवा. 'नाही' करायला मीच सांगितलं होतं. मला सोबत हवी होती ना.

मावशींना हे सगळं मुळीच पसंत नव्हतं. "इमानात बसायचं तर बस की, चालवायचं कशाला?" असं रोज चाललेलं. वरती गेल्यावर परत तसं झालं तर, ही त्यांची भीती. पण अर्जात पालक म्हणून नंबर त्यांचाच दिला होता, आणि निघताना आमच्या दोघींच्या हातावर दही त्यांनीच घातलं.

पुण्यातली परीक्षा दोघी पास झालो. शेवटची फेरी मुंबईत होती, विमानतळाजवळच्या एका हॉटेलात. सकाळी आमचा गट बसवला आणि एक अवघड प्रसंग सोडवायला दिला — विमान वाळवंटात उतरलंय, सामान थोडं, काय ठेवाल, काय टाकाल. इंग्रजी फाडफाड बोलणारी शहरातली पोरं एकमेकांवर ओरडत होती. कोमलने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत असं काही मांडलं की पोरं गप्प झाली. एका कोपऱ्यात बसलेल्या परीक्षक बाई हसून काहीतरी लिहीत होत्या. मी तोंड उघडलं तेव्हा वेळ संपल्याची घंटा झाली. मला तेव्हाच कळलं — ही जाणार, मी राहणार. माझं वेड होतं ते. तिला मी आणलं होतं. आणि ती जाणार.

मग एकेकाला आत बोलावलं. समोर तिघं. त्यांतले एक निवृत्त कॅप्टन, शांत, पांढऱ्या मिशा. त्यांनी इकडचं तिकडचं विचारलं आणि शेवटी सहज म्हणाले, सकाळच्या तुमच्या गटात असं कोणी आहे का, ज्याच्या शेजारी कॉकपिटमध्ये बसायला तुम्हाला भीती वाटेल?

बहुतेकांनी 'कोणी नाही' म्हटलं असेल. मला ते म्हणता आलं नसतं का? आलं असतं. दोन शब्द होते.

मी सांगितलं. कोमलचं नाव घेतलं, नववीचं सांगितलं, मी स्वतः पाहिलंय म्हणाले. इंग्रजीत सांगितलं — इंग्रजीत बोलताना मला नेहमी वाटतं, बोलणारी कुणी दुसरीच आहे. कॅप्टननी मान हलवली, थँक यू म्हणाले. माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं तिचा अर्थ मला आजही नीट लावता येत नाही.

तुम्ही म्हणाल, यात एवढं काय? बरोबरच केलंस, शेकडो माणसांच्या जिवाचा प्रश्न. मीही स्वतःला हेच सांगत आले. आणि ते चूक नाही, विमान चालवणाऱ्याने अशी गोष्ट लपवायची नसते. पण मला प्रवाशांची काळजी होती तर अर्ज भरतानाच का नाही बोलले? तिला 'नाही' करायला का लावलं? त्या खोलीत माझ्या डोक्यात एकही प्रवासी नव्हता. कोमल जायला नको, एवढंच होतं.

पण मला सांगायचंय ते हे नाही. एवढंच असतं तर मी कदाचित जिरवलं असतं.

दुपारी कोमलला पुन्हा आत बोलावलं. बाहेर आली तेव्हा तोंड उतरलेलं. परतीच्या एसटीत, शिरूर मागे पडल्यावर बोलली. त्यांना माहीत होतं गं, थेट नववीचंच विचारलं, मला खोटं बोलता येईना. लपवलं म्हणून बाद केलं. मग माझ्याकडे न बघता, खिडकीबाहेर बघत म्हणाली, "कोणी सांगितलं असेल?"

तिने माझ्यावर संशय घेतला नाही. घ्यायला हवा होता की नाही? तीनच माणसं! पण तिच्या डोक्यातच आलं नाही ते. आणि मी — देवाशपथ, मी आधी काही ठरवलेलं नव्हतं — मी म्हणाले, "गेल्या आठवड्यात मी डबा घ्यायला आले होते ना, तेव्हा मावशी फोनवर कुणाशी तरी हिंदीत बोलत होत्या. 'बचपन में हुआ था' असं काहीतरी. मला वाटलं, दुसरंच काही असेल."

असा फोन आलाच नव्हता. मी तो तिथे, त्या सीटवर बसून तयार केला. किती सहज आला तोंडात! त्या क्षणाला मला लाजही वाटली नाही, सुटल्यासारखं वाटलं. खरं काय ते हे आहे. हे मला सांगायचं होतं.

कोमल घरी गेली आणि मावशींवर अशी तुटून पडली की गल्लीला ऐकू गेलं. मावशी नुसत्या "मी न्हाई गं, मी न्हाई" म्हणत होत्या. महिन्याभरात कोमल पुण्याला गेली, तिकडेच शिकली, तिकडेच नोकरी धरली. मावशींचा फोन उचलेना. माझा मात्र उचलायची, कारण तोवर मलाही कंपनीचा नकार आला होता आणि आम्ही दोघी एकाच दुःखातल्या झालो होतो. ती माझं सांत्वन करायची. कल्पना करा.

मी इथेच राहिले. जाता-येता मावशी दारातून हाक मारायच्या, "कोमल काय म्हनती गं? जेवती का नीट?" सुरुवातीला म्हणायच्या, "तिला तू सांग ना, मी कुनालाच बोलले न्हाई. तुझं ऐकती ती." मी म्हणायचे, सांगते. सांगितलं नाही. कसं सांगणार?

मग हळूहळू त्यांचं बोलणं बदललं. दिवसभर डब्यांचे फोन यायचे, कोण बोललं, काय बोललं, सगळं कुठे लक्षात राहतं. एक दिवस भाजी निवडता निवडता थांबल्या आणि मला म्हणाल्या, "प्रतीक्षा, माझ्याच तोंडातून गेलं आसंल का गं? आला आसंल एखादा फोन. मला भ्या लई वाटायचं ना तिचं. गेलं आसंल बोलून." त्या माझ्याकडे बघत होत्या. मी 'नाही' म्हणावं म्हणून बघत होत्या, हे मला तेव्हाच कळलं होतं.

मी म्हणाले, "होतं असं कधीकधी, मावशी."

त्यानंतर त्यांनी ते स्वतःवर घेतलंच. शुगर वाढली, पाय सुजले, खानावळ बंद झाली. एकदा मला जवळ बसवून म्हणाल्या, "तिला सांग, मावशी चुकली म्हनावं. मुद्दाम न्हाई केलं. एकदा येऊन जा म्हनावं." आणि एरवी त्यांचा एकही निरोप न पोचवणारी मी — हा निरोप मात्र मी त्याच दिवशी पोचवला. शब्दाला शब्द. कोमल फोनवर म्हणाली, "म्हणजे तिनेच सांगितलं होतं. इतके दिवस मला कुठेतरी वाटत होतं गं, की नसेल." मी तिला तेही वाटू दिलं नाही.

ती आली नाही. मावशी गेल्या तेव्हा घरात शेजारची बाई होती फक्त.

दहाव्याला मात्र आली. नदीकाठी पिंड ठेवला, आणि कावळा शिवेना. झाडावर दोन-चार बसलेले, खाली कुणी उतरेना. मावशींच्या सासरचा पुतण्या म्हणाला, घर नीट ठेवू. कुणी म्हणालं, वर्षश्राद्ध नीट घालू. काही नाही. ऊन चढत गेलं. शेवटी कोमलचे मामा, मावशींचे थोरले भाऊ, तिच्याजवळ आले. "कोमे, तुझ्यात जीव गुतलाय तिचा. बोल बाई कायतरी. मोकळी कर तिला."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. मी तिच्या अगदी शेजारी होते. आता बोल, मी स्वतःला म्हणाले. आता नाही तर कधी? सगळे आहेत, मामा आहेत, मावशी मेलीय. बोल.

कोमल पुढे झाली. हात जोडले. ती बोलली ते सगळ्यांना ऐकू गेलं. "मावशी, तू सांगितलंस त्याचं माझ्या मनात आता काही नाही. मी तुला माफ केलं. जेव तू."

थोड्या वेळाने कावळा शिवला. बायांनी पदर डोळ्याला लावले, लोक म्हणाले, बघा, अडकलं होतं ते हेच. मी म्हणते, भूक लागली असेल त्याला, दुसरं काय. लोक पांगायला लागले. कोमल माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली आणि तिने विचारलं, "सुटली ना गं मावशी?"

मी म्हणाले, "सुटली."

कोमल अजून दर रविवारी मला फोन करते. तिला वाटतं, त्या दिवशी तिने मावशीला माफ केलं. मावशीचं माफ करण्यासारखं तिथे काही नव्हतंच. जे होतं ते माझं होतं, आणि मी तिच्या शेजारी हात जोडून उभी होते.