दादाने खोडलेला स्वतःचाच शेरा

दादा गेल्याची बातमी घरच्या फोनआधी टीव्हीवर आली. आधी ‘माजी संरक्षणमंत्री’, मग ‘निवृत्त जनरल’, आणि शेवटी कुठे त्याचं नाव. मी कडा गावात माझ्या घरी शेंगा फोडत बसले होते. हातातलं सूप तसंच राहिलं... महिना होऊन गेला, पण टीव्ही लावायचं अजून जिवावर येतं.

आम्ही मेंढपाळाची पोरं. सगळ्यांत थोरल्या भावाने, आण्णांनी, मेंढरं सांभाळली म्हणून आम्हा धाकट्यांना शाळा मिळाली. दादा सैन्यात अधिकारी झाला, चढत चढत जनरल झाला, तेव्हा गावाने जीपमधून मिरवणूक काढली. आण्णा मात्र मेंढरं सोडून आले नाहीत. पुढे दादा निवडून येऊन संरक्षणमंत्री झाला, आणि त्याच सुमारास तोफांच्या सरावासाठी सैन्य आमचा चराईचा माळ घेणार असल्याचं कळलं. माळ गेला तर मेंढरं विकण्यावाचून वस्तीला गत्यंतर नव्हतं. जनरल असताना त्या जागेची शिफारस दादानेच केली होती. शेरा होता, ‘पडीक जमीन, वापर नाही.’ मला इतका राग आला की कित्येक दिवस मी त्याचा फोन उचलला नाही.

मंत्री म्हणून दादा पहिल्यांदा गावी आला तो थेट माळावर. आण्णा काठीवर हनुवटी टेकून उभे होते.

“पडीक हाय म्हून तूच लिवलं ना? कावून लिवलं?”

“नकाशात लई मोकळं दिसत होतं, आण्णा.”

“आन तुजं पोट कशावर भरलं बे?”

सोबतचे अधिकारी बुटांकडे बघू लागले. उन्हं चढेपर्यंत दादा मेंढरांमागे फिरला. शेवटी एक अधिकारी हळूच म्हणाला, “साहेब, शिफारस आपलीच आहे. फिरवली तर नाचक्की होईल.”

“होऊ द्या,” दादा म्हणाला. “चुकीचं मी लिहिलं होतं, मेंढरांनी नव्हे.”

संसदेत उभं राहून त्याने ते कबूल केलं. विरोधकांनी टर उडवली, व्यंगचित्रं आली... सरावाचं मैदान दुसरीकडे गेलं. त्याच्या लढायांवर आणि पदकांवर इतर लोक लिहितील. मला अभिमान आहे तो त्या नाचक्कीचा.

परवा माळावर त्याचा पुतळा बसवायचं गावात ठरत होतं. आण्णा उठले. “न्हाई. तेवढी जागा बी चरायला लागती. त्यानंच राखली हाय ती.”

पुतळ्याचा बेत बारगळला. काल मी माळावर गेले होते. मेंढरं चौफेर पांगली होती, आणि दादाचं नाव तिथे कुठेच लिहिलेलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.